मनगटातली नस आणि तिचे माप

चंद्रपूर जिल्ह्यातला मूल तालुका भाताचा. बांधीत वाकून परह्याची पेंढी एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी रोपटी चिखलात खोचत मागे सरकायचे, हे रोवणीचे काम बहुतेक बायाच करतात. दिवाळीच्या सुमारास त्याच हातात विळा येतो. अशा कामात मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस दाबली गेली की रात्री बोटांना मुंग्या येतात, झोपमोड होते आणि बाई उठून हात झटकते. हे झटकणेच निदानाची खूण आहे, असे विल्यम प्राइस-फिलिप्स यांनी 1984 मध्ये मांडले.

दुखणे जुनेच. जेम्स पॅजेट यांनी 1854 मध्ये मनगटाचे हाड मोडल्यानंतर दाबलेल्या नसेची नोंद केली. 1956 मध्ये सिम्पसन यांनी विजेच्या चाचणीने दाखवले की नसेतला संदेश मनगटापाशी मंदावतो. नस डोळ्यांना दिसू लागली ती 1991 च्या सुमारास, इन्सब्रुकच्या बुखबर्गर यांच्या सोनोग्राफीने. जेल लावून प्रोब मनगटाच्या घडीवर आडवा धरला की निरोगी नसेचा छेद मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार दिसतो. दाबलेली नस बोगद्याच्या तोंडाशी फुगते, काळपट होते. छेद 10 चौरस मिलिमीटरच्या पुढे गेला की संशय बळावतो.

मग शस्त्रक्रियेविना केलेल्या उपचाराचा गुणही याच मापाने तपासला जाऊ लागला. स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर काही आठवड्यांत सूज उतरलेली दिसते. तैवानमध्ये 5 टक्के डेक्स्ट्रोज सुईने नसेभोवती सोडून ती मोकळी करण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. पण आराम टिकतो का? 2013 च्या स्वीडिश अभ्यासात स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दहा आठवड्यांत बरे वाटले, तरी मोठा डोस घेतलेल्यांपैकीही 73 टक्क्यांची वर्षभरात शस्त्रक्रिया झालीच. 2018 च्या इंग्लंडमधल्या चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन रात्री मनगटाला बांधायच्या पट्टीपेक्षा सरस ठरले, सहा महिन्यांनी फरक उरला नाही. म्हणून केवळ सूज उतरली एवढ्यावर उपचार फळला असे म्हणणे मला पटत नाही. झोप लागते का, पेंढी धरवते का, हे मापाइतकेच विचारले पाहिजे.

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की गरोदर बाईच आठवते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, 1994 मध्ये केंद्राचा आला, आणि यंत्राची नोंदणी बंधनकारक झाली. तो कायदा हवाच. पण नोंदणी झालेल्या यंत्रावर मनगट तपासायला त्याची आडकाठी नाही. चंद्रपूरला 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रोवणीआधी एक माप, कापणीआधी दुसरे, आणि दोन्ही वेळा झोपेचा नि पेंढीचा असे तेच दोन प्रश्न, एवढी नोंद तिथून सुरू करता येईल.