व्हिएतनामचा ई-व्हिसा मोबाईलवरून काढताय? आधी पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी वाचा

मागच्या वर्षी मी आणि माझा रूममेट व्हिएतनामला गेलो. ई-व्हिसाचा अर्ज दोघांनी एकाच रात्री, एकाच सोफ्यावर बसून भरला. माझे २५ डॉलर गेले, त्याचे जवळपास ८०. व्हिसा दोघांनाही मिळाला आणि दोन्ही खरे होते. फक्त त्याच्या व्हिसावर वडिलांचं नाव नव्हतं. हे आम्हाला कळलं विमानाच्या सहा दिवस आधी!

आधी नियम पटकन बघू. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. एकदाच प्रवेश करायचा असेल तर फी २५ डॉलर, पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर ५०. अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही. पासपोर्ट किमान ६ महिने चालू असायला हवा.

आता ८० डॉलरची भानगड. रूममेटने गुगलवर सर्च केलं आणि सगळ्यात वरची लिंक उघडली. ती जाहिरात होती. वर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, पण घाईत कोण बघतं? साइटवर व्हिएतनामचा झेंडा, नावात ‘गव्ह’ हा शब्द, शेजारी कुलपाचं चिन्ह. सगळं सरकारीच वाटत होतं.

वेबसाइटचा पत्ता नेहमी उजवीकडून डावीकडे वाचा. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटी जे येतं, तोच त्या साइटचा खरा मालक. व्हिएतनाम सरकारची साइट आहे ईव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन, म्हणजे शेवट ‘गव्ह डॉट व्हीएन’. शेवटी डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग असेल तर मध्ये ‘गव्ह’ कितीही वेळा लिहा, काही अर्थ नाही. ते नाव कुणीही विकत घेऊ शकतो. आणि कुलूप एवढंच सांगतं की तुमचा डेटा जाताना वाटेत कुणी वाचू शकणार नाही. पलीकडे कोण बसलंय, ते कुलपाला माहीत नसतं. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून त्यावर टॅप करून पूर्ण बघा.

अशा सगळ्याच साइट चोर नसतात. बऱ्याच जणी तुमची माहिती घेऊन तोच सरकारी फॉर्म भरतात आणि वरचे पैसे स्वतः ठेवतात. पण फॉर्म त्या भरतात, त्यामुळे चूकही त्याच करतात. वर ईमेल त्यांचा टाकलेला. सरकारी साइटवर अर्ज कुठवर आलाय ते बघायला नोंदणी कोड, ईमेल आणि जन्मतारीख लागते. म्हणजे रूममेटला स्वतःचाच अर्ज बघता येत नव्हता.

आता नावाकडे येऊ, कारण सरळ सरकारी साइटवर गेलात तरी इथे चूक होतेच. आपल्यापैकी बहुतेकांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं, अशी दोन्ही नावं असतात. आपण मात्र सगळीकडे नाव-आडनाव एवढंच लिहितो. मोबाईलचं ऑटोफिलही तेच भरतं, ते आधी बंद करा.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन विचित्र ओळी दिसतात ना, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या? त्या मशीनसाठी असतात. वरच्या ओळीत नाव असतं, या क्रमाने: आडनाव<<नाव<वडिलांचंनाव. दुहेरी चिन्हाच्या आधीचं ते आडनाव, नंतरचं सगळं गिव्हन नेम. व्हिएतनामच्या फॉर्ममध्येही आडनाव एका रकान्यात आणि मधलं नाव व नाव दुसऱ्या रकान्यात असतं. तेव्हा ही ओळ बघूनच भरा. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललं असेल आणि पासपोर्टवर नसेल, तर पासपोर्टवरचंच लिहायचं.

खालच्या ओळीत एक भारी गोष्ट आहे. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख, या प्रत्येकाच्या पुढे एक चेक डिजिट असतो. आधीच्या आकड्यांना क्रमाने ७, ३, १ ने गुणायचं, बेरीज करायची आणि १० ने भागून उरलेली बाकी घ्यायची. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला, तर हिशोब सहसा जुळत नाही आणि मशीनला चूक कळते. पण नावाला चेक डिजिट नाही! ‘शून्य’ आणि ‘ओ’ची गल्लत मशीन पकडू शकतं, गाळलेलं वडिलांचं नाव नाही. ते थेट चेक-इन काउंटरवर माणसाच्या डोळ्यांना दिसतं.

बाकी फॉर्म सोपा आहे. फोटो चष्म्याशिवाय, समोर बघत. पासपोर्टच्या पानाचा फोटो काढताना ट्यूबलाइटची चमक नको आणि त्या दोन ओळी कापल्या जायला नकोत. प्रवेशाचं ठिकाण विचारतात तिथे व्हिएतनाममधलं तुमचं पहिलं विमानतळ निवडा. हो ची मिन्ह सिटीत उतरणार असाल तर तान सोन न्हात, हनोईत उतरणार असाल तर नोई बाई.

पैसे भरायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डचे ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का बघा. नव्या कार्डवर ते बंदच असतात, २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. परदेशी साइटवर ओटीपी न विचारताही पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून काम झालं की ते परत बंद करा. आणि नोंदणी कोड दिसला की लगेच स्क्रीनशॉट!

साधारण तीन कामकाजाचे दिवस लागतात. शनिवार-रविवार मोजायचे नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नवीन वर्ष, तेत, येतं. तेव्हा ऑफिसं बरेच दिवस बंद असतात. ईमेलची वाट बघत बसू नका, साइटवर जाऊन कोड टाकून बघा. पीडीएफ आली की पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून घ्या आणि दोन प्रिंट काढा.

रूममेटने सोमवारी सकाळी सरकारी साइटवर नव्याने अर्ज केला, परत २५ डॉलर भरून. गुरुवारी संध्याकाळी पीडीएफ आली, शनिवारी विमान होतं. पहिल्या साइटला रिफंडसाठी पाठवलेल्या मेलचं उत्तर अजून आलेलं नाही.