सडपातळ देह, मेदाचे कोठार

निंबोला गावच्या बाजारात हातापायांनी काटकुळा, पण सदऱ्याच्या गुंड्या पोटावर ताणलेला गृहस्थ दिसला, की ‘खात्यापित्या घरचा’ असा निर्वाळा आपण देतो. परंतु पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची तुलना उंचीच्या मानाने तेवढ्याच वजनाच्या इंग्रज सहकाऱ्याशी केली, तेव्हा याज्ञिकांच्याच देहात मेद दुपटीहून अधिक निघाला. अशा मेदापैकी पोटातला यकृताकडे रवाना होत राहिला, की इन्शुलिनचा अंमल ढिला पडतो, साखर, चरबी व रक्तदाब संगनमताने चढतात, आणि बुऱ्हाणपूरच्या ‘कुंडी भंडारा’ या भुयारी जलवाहिनीत चुन्याचे थर साचावेत तशी हृदयाच्या धमन्यांना आतून पुटे चढतात. यावर उतारा चालण्यात आहे: चालताना स्नायू इन्शुलिनच्या हुकमाविनाही साखर ओढून घेतात. म्हणून शतपावली हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. कंबर पुरुषाची ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरपलीकडे गेली असल्यास रक्ततपासणी करून घ्यावी आणि तंबाखूची सवय असल्यास तीही सोडावी.