नापास विद्यार्थ्याच्या गोष्टी : पू सोंगलिंग

परीक्षेच्या दिवशी सूचनाफलकावर आपला आसनक्रमांक शोधताना पोटात जो गोळा उठतो, तो आमच्या घरात माझ्याआधी कुणाच्या पोटात उठलेला नाही. कारण माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरीच चढले नाही. त्यामुळे ग्रंथालयात चीनच्या इतिहासावरील पुस्तक चाळताना राजवाडे आणि ती सुप्रसिद्ध भिंत मागे पडली, व मी थबकलो तो नानजिंगच्या परीक्षागृहाच्या चित्रापाशी.

चीनमध्ये सरकारी अधिकारी निवडण्यासाठी सातव्या शतकाच्या आरंभापासून लेखी परीक्षा होत. ही प्रथा १९०५ साली बंद झाली. स्थानिक, प्रांतिक आणि राजधानीतील अशा तिच्या पायऱ्या होत्या. प्रांतिक परीक्षा तीन वर्षांतून एकदा येई. नानजिंगला तिच्यासाठी २० हजारांवर खोल्या होत्या. खोल्या कसल्या, खुराडीच ती! पुढची बाजू उघडी आणि आत दोन फळ्या. दिवसा एकीवर बसायचे व दुसरीवर लिहायचे, रात्री दोन्ही जोडून त्यांवर अंग मुडपून पडायचे. नाव झाकले जाई. शिवाय अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून सगळी उत्तरपत्रिका लाल शाईने उतरून काढीत, आणि परीक्षकापुढे ती नक्कल जाई. एवढी दक्षता वाचून मी चकित झालो. मात्र स्त्रियांना हे दार कधीच उघडले नाही, हेही सांगितले पाहिजे.

याच परीक्षेने पू सोंगलिंगचे आयुष्य खाल्ले. शांडोंग प्रांतातील झीचुआन येथे १६४० साली तो जन्मला. १६५८ साली, चिनी गणनेप्रमाणे १९व्या वर्षी, स्थानिक परीक्षेत तो पहिला आला. (माझेही वय आज तेवढेच आहे, पहिल्या क्रमांकाची गोष्ट मात्र वेगळी!) पुढची प्रांतिक परीक्षा त्याला जन्मभर जमली नाही. १६८७ साली तर लिहिण्याच्या भरात उत्तरपत्रिकेचे एक पान चुकून सुटले आणि तेवढ्यावरून तो बाद ठरला. पोटासाठी तो शीपू गावच्या बी घराण्यात मुलांना शिकवीत राहिला, सुमारे ३० वर्षे. पन्नाशीनंतर बायकोनेच समजावले, की आता पुरे. नशिबात मोठे पद असते तर एव्हाना मिळाले असते.

रात्री तो गोष्टी लिही. भुते, कोल्ह्यांच्या रूपातून स्त्रिया होणाऱ्या मायावी व्यक्ती, आणि परीक्षार्थी! अशा जवळजवळ ५०० गोष्टींच्या त्याच्या संग्रहाला त्याच्या अभ्यासिकेचे, 'ल्याओझाय'चे, नाव आहे. त्यातील एका गोष्टीत एक आंधळा भिक्षू निबंध जाळून राखेच्या वासावरून त्यांची पारख करतो. चांगल्या निबंधाचा वास त्याला सुखावतो, भिकाराने मळमळते. निकाल लागतो तो नेमका उलटा. तेव्हा भिक्षू हळहळतो, की आपले डोळे गेले तरी नाक शाबूत आहे, परीक्षकांचे तर तेही गेले. मला ही गोष्ट प्रथम विनोदी वाटली. लेखकाचे चरित्र कळल्यावर पुन्हा वाचली, तेव्हा हसू आले नाही.

तथापि त्याला परीक्षेचा निव्वळ शत्रू म्हणता येत नाही. पद्धत चांगली, परीक्षक वाईट, असाच त्याचा सूर वाटतो. नाहीतर तो पुन्हा पुन्हा त्या खुराड्यात जाऊन कशाला बसला असता? अखेर १७११ साली, सत्तरी उलटल्यावर, केवळ ज्येष्ठतेमुळे मिळणारी एक पदवी त्याच्या पदरात पडली. १७१५ साली तो वारला. त्याचा संग्रह छापला गेला १७६६ साली.

त्याच्या गावचे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. तिथे त्याचे १७१३ साली काढलेले चित्र आहे. त्यात पदवीधराचा दरबारी पोशाख घालून म्हातारा खुर्चीवर बसला आहे. चित्रावर त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे, की हा वेष आपल्या मनाचा नव्हे आणि पुढच्या पिढ्या आपल्याला हसतील अशी भीती वाटते.