वाफेपुढे टिकणारं प्लॅस्टिक

गव्हाणीत मोळी पडली की अकोले तालुक्यातला अगस्ती कारखाना काय किंवा राज्यातला दुसरा कुठला साखर कारखाना काय, हंगाम संपेपर्यंत रात्रंदिवस चालतो. रस निवळण्यासाठी तो १०२ ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. पुढे तो आटवायला टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ वापरतात, तिचं तापमान सव्वाशेच्या आसपास असतं. अशा वाफेच्या लाइनवर बॉल व्हॉल्व्ह असेल, तर त्यातल्या पोलादी गोळ्याला घट्ट धरणारी सीट बहुधा प्लॅस्टिकची असते.

कुठल्या प्लॅस्टिकची? नायलॉन ६६ वितळतं साधारण २६० अंशांना. कागदावर दुपटीची सोय दिसते. पण वितळणबिंदू हा कॅटलॉगमधला सर्वांत फसवा आकडा. नायलॉन पाणी पितं, फुगतं, मऊ पडतं आणि गरम वाफेत त्याच्या रेणूंच्या साखळ्याच हळूहळू तुटतात. कोरड्या हवेत मिळालेला आकडा इथे कुचकामी.

टेफ्लॉनला वाफेचं काही वाटत नाही. रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अपघातानेच सापडलेला हा पदार्थ २६० अंशांपर्यंत वापरता येतो. त्याची खोड वेगळी: सतत दाब पडला की तो सावकाश पसरतो आणि व्हॉल्व्ह गळू लागतो. म्हणून त्यात काच, कार्बन किंवा ग्रॅफाइट मिसळतात. सव्वाशे अंशांच्या वाफेला तेवढं बहुतेकदा पुरतं.

दाब आणि उष्णता दोन्ही चढले की ‘पीक’ (PEEK) नावाच्या प्लॅस्टिककडे वळावं लागतं. त्याच्या साखळीत पाण्याला सहज तोडता येईल असा दुवा नाही. वितळतं ३४३ अंशांना, पण १४३ च्या वर त्याचा ताठपणा झपाट्याने घटतो. भाराखाली वाकण्याच्या चाचणीत नुसतं पीक दीडशेच्या थोडं वर हार मानतं. ३० टक्के काचतंतू घातले की तीनशेपार जातं. प्लॅस्टिक एकच, आकडे चार! तेव्हा विक्रेत्याला ‘किती तापमान?’ एवढंच विचारू नये. भार किती, किती तास, वाफ की कोरडी हवा, तेही विचारावं.

पीक भारतात बनवण्याचं श्रेय डॉ. केकी घरडा यांच्या घरडा केमिकल्सला जातं; तो व्यवसाय पुढे बेल्जियमच्या सॉल्व्हेने घेतला. माल उत्तम, पण किंमत नायलॉनच्या कित्येक पट. रसाच्या साध्या पंपाला तो बसवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. आणि बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणारी मुख्य वाफ पाचशे अंशांच्या घरात असते. तिथे पीकही चालत नाही, धातूची सीट आणि ग्रॅफाइटचं पॅकिंगच लागतं.