पाणी वाचवायचंय? आधी मोजा

‘पाणी वाचवा’ हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. पण घरात नेमकं कुठे वाचवायचं, ते काही भिंतीवर लिहिलेलं नसायचं. आजचा भाग त्यावरच.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे प्रोग्राम हळू चालत असेल तर लगेच कोड बदलायचा नसतो. आधी वेळ कुठे जातोय ते मोजायचं. पाण्याचंही तसंच. पाहुण्याला अर्धा ग्लास पाणी देणं चांगलंच आहे. पण फ्लशची जुनी टाकी एका वेळी दहा लिटरच्या आसपास पाणी सोडते. म्हणजे पाव लिटरचे चाळीस ग्लास, एका बटणात!

तर मग सुरुवात तिथूनच करू. एक लिटरची बाटली पाण्याने भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्लशच्या टाकीत उभी ठेवा. आतल्या फ्लोटला किंवा झडपेला ती अडकता कामा नये, एवढंच बघा. आता दर फ्लशला एक लिटर कमी जाईल. घरात चौघं, प्रत्येकी पाच वेळा, म्हणजे दिवसाला २० लिटर. वर्षाला ७,३०० लिटर. खर्च शून्य. नव्या टाकीला दोन बटणं असतात, तिथे बाटलीची गरज नाही. लहान बटण वापरायची सवय लावा, बस्स.

दुसरं, गुपचूप चालणारी गळती. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला, तर टाकी दिवसरात्र गळतेय. बहुतेक वेळा आतलं रबर झिजलेलं असतं, प्लंबर ते बदलून देतो. टपकणाऱ्या नळाखाली रात्री बादली ठेवा. सकाळी आकडा समोर असेल.

तिसरं, नळाची धार. बेसिनच्या नळाखाली लिटरची बाटली धरा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. सहा सेकंदांत भरली, तर मिनिटाला दहा लिटर. दात घासताना दोन मिनिटं नळ चालू राहिला की वीस लिटर गेले, म्हणजे अंघोळीची एक बादलीच! नळाच्या तोंडाला एरेटर, म्हणजे हवा मिसळणारी बारीक जाळी, बसवली की धार भरलेली वाटते पण पाणी कमी लागतं.

चौथं, आरओ. एक लिटर शुद्ध पाण्यामागे हे मशीन बऱ्याचदा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. ती नळी सिंकमध्ये सोडू नका, बादलीत सोडा. फरशी पुसायला, बाथरूम धुवायला ते पाणी चालतं. झाडांना रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. आणि आधी टीडीएस तपासा. पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. महापालिकेचं पाणी त्याच्या बरंच खाली असेल, तर आरओ लागतोच असं नाही. जंतूंसाठी उकळणं किंवा यूव्ही पुरतं.

‘माझ्या एका बाटलीने काय होणार?’ असं वाटतंय ना? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या गाडीत होतं पाच लाख लिटर. हजार घरांच्या एखाद्या टाउनशिपने नुसती ती बाटली टाकली, तर पंचवीस दिवसांत तेवढंच पाणी वाचतं. ते उचलून लातूरला जाणार नाही, हे खरं. पण पुण्यात आपण वापरतो ते पाणी खडकवासला साखळीतलं, आणि त्याच साखळीवर दौंड-इंदापूरची शेतीही आहे. तिथे वाटेकरी आहेत.

या आठवड्याचं काम एकच: बाटली आणि स्टॉपवॉच घेऊन घरातला प्रत्येक नळ मोजा. सगळ्यात मोठा आकडा जिथे येईल, तिथून सुरुवात करा. आकडे आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!