सहा मिलिमीटरची चकती

पहाटे 5.30. पुण्यातल्या एका कॉलेजात मॅडम सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. टेबलावर एका परदेशी जर्नलने तपासायला पाठवलेला, एका वनस्पतीच्या अर्कावरचा पेपर आहे. 32 पानांची प्रिंट, 64 रुपये, स्वतःच्या खिशातून. पडद्यावर चुका निसटतात, असं त्या म्हणतात. मुदत सात दिवसांची, आज सहावा. मानधन नाही. बहुतेक जर्नलांत ते नसतंच. वनस्पती कुठली, लेखक कोण, हे त्या मला सांगत नाहीत. गोपनीयतेचा नियम आहे.

6.15. निष्कर्ष बाजूला ठेवून आधी ‘पद्धती’. पानांचा अर्क मिथेनॉलमध्ये काढलाय आणि त्यात भिजवलेली कागदी चकती जीवाणूंवर ठेवलीय. मग नुसत्या मिथेनॉलची चकती ठेवून पाहिली का? मिथेनॉलही जीवाणू मारतं. तीनदा शोधलं, उल्लेख नाही. समासात लाल खूण.

8 ते 12.30. दोन लेक्चर्स, एक प्रॅक्टिकल, हजेरी. पेपर पिशवीतच.

12.40. डबा उघडा, पण बोट तक्त्यावर. अर्काच्या चकतीभोवती जीवाणू न वाढलेलं वर्तुळ: व्यास 4 मिलिमीटर. मॅडम थांबल्या. कागदी चकतीच 6 मिलिमीटरची असते आणि व्यास चकती धरून मोजतात.

प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना हाक: “मामा, कालच्या प्रॅक्टिकलच्या प्लेट्स टाकू नका हं अजून.”

एक प्लेट उजेडात उलटी धरली, व्हर्नियर लावला. चकतीसकट 15. कडेपासून एका बाजूला साडेचार. “असं मोजलं असेल कदाचित. मग तसं लिहायला हवं ना?” खोटेपणाचा संशय त्या लगेच घेत नाहीत. मला ते फार मोलाचं वाटतं.

3.00. जर्नलचं स्मरणपत्र. घाईचा विषय निघतो आणि 2020 आठवतं. 22 मे रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये कोविडच्या रुग्णांना दिलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा पेपर आला. 671 रुग्णालयं, 96,032 रुग्ण. काही दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी थांबवून ठेवली. पेपरसाठी माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने मूळ नोंदी स्वतंत्र तपासनिसांनाही दिल्या नाहीत. 4 जूनला पेपर मागे घेतला गेला. तपासणी त्याचीही झालीच होती.

रात्री 9.30. भांडी आवरून लॅपटॉप. चौदा मुद्दे. कुठेही टोमणा नाही. मिथेनॉलच्या चकतीसाठी काय लागेल तेही लिहिलं: 37 अंशांवर एक रात्र. शिफारस, ‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या.

11.20. फक्त संपादकासाठीच्या चौकटीत दोन ओळी: दुरुस्त प्रत मलाच पाठवा. या वेळी तीन आठवडे द्या.