तीन शब्दांचा शोध

वयाची साठी उलटली, मुले आपापल्या संसाराला लागली, म्हणजे मनुष्याच्या हाती वेळ पुष्कळ उरतो, परंतु त्या वेळी एखादी नवी भाषा शिकण्याची गोष्ट कोणी काढली, तर घरातील मंडळी कौतुकाने हसतात आणि विचारतात, "आता या वयात ती शिकून करावयाचे काय?" गृहिणीने असे मनात आणले तर तिला हा प्रश्न चाळिशीतच ऐकावा लागतो. हा प्रश्न विचारणारांचा फारसा दोष नाही. भाषा ही परीक्षेसाठी किंवा पोटासाठी शिकावयाची, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य संस्कृत शिकविण्यात गेले. परीक्षा संपताच शब्दरूपावली माळ्यावर टाकणारे विद्यार्थी त्याने पुष्कळ पाहिले. आणि एखादी आवडती कथा मूळ शब्दांत वाचता यावी एवढ्याच हौसेने ती पुन्हा खाली काढणारेही थोडे पाहिले. भाषेपासून खरा लाभ या दुसऱ्यांनाच झाला. असे का व्हावे, हे पाहण्यासाठी आपण थोडे दूर, उत्तर युरोपातील फिनलंड देशात जाऊ.

फिनलंड १८०९ सालापर्यंत स्वीडनच्या ताब्यात होता, आणि त्यानंतर तो रशियाच्या झारच्या छत्राखाली गेला. विद्यापीठ, कचेऱ्या आणि प्रतिष्ठित घराणी यांची भाषा स्वीडिश. फिनिश ही शेतकऱ्याकोळ्यांची बोली. अशा देशात १८०२ साली एका गरीब शिंप्याच्या घरी एलियास ल्योनरूट याचा जन्म झाला. घरी फिनिश बोलणाऱ्या या मुलाला विद्येसाठी स्वीडिश शिकावी लागली. पुढे तो वैद्य झाला आणि कायानी नावाच्या दूरच्या गावी सरकारी डॉक्टर म्हणून राहिला. परंतु त्याचा जीव गुंतला होता तो खेडुतांच्या तोंडच्या प्राचीन गीतांत. रजा काढून, बरेचसे पायीच, तो कारेलिया प्रांतातील वस्त्यांतून हिंडला, आणि आपल्याकडील जात्यावरच्या ओव्यांप्रमाणे पिढ्यानुपिढ्या मुखोद्गत चालत आलेली गीते त्याने उतरून घेतली. ती जुळवून त्याने १८३५ साली 'कालेवाला' हे महाकाव्य प्रसिद्ध केले. १८४९ साली त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. तीत पन्नास सर्ग आणि २२,७९५ ओळी आहेत.

त्याचा परिणाम असा झाला की, ज्या सुशिक्षितांना फिनिश ही परकी भाषा होती, तेच ती शिकू लागले. कित्येक स्वीडिशभाषी कुटुंबांनी घरातली बोलण्याची भाषाच बदलली. नवरा आणि बायको, दोघेही अडखळत, मुलांशी फिनिशमध्ये बोलू लागले. १८६३ साली त्या भाषेला कारभारात समान स्थान देण्याचे फर्मान निघाले आणि १९१७ साली देश स्वतंत्र झाला. एका काव्याने स्वातंत्र्य मिळवून दिले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या भाषेची लाज वाटत होती, तिच्यात आपला भूतकाळ साठविलेला आहे, हे या काव्याने लोकांना पटविले, यात संशय नाही.

या महाकाव्यातील एक कथा प्रत्येक भाषाभ्यासकाने ऐकण्यासारखी आहे. वैनामोइनेन हा त्यातील वृद्ध गायक. त्याच्या गाण्यात मंत्रसामर्थ्य आहे. तो गातो आणि वस्तू घडत जातात. एकदा तो गात गात नाव बांधू लागतो. नाव जवळजवळ पुरी होते. परंतु शेवटचे तीन शब्द त्याला ठाऊक नसतात, आणि त्या तीन शब्दांवाचून नाव पाण्यात लोटता येत नाही. त्यांच्यासाठी तो मृतांच्या राज्यात जातो आणि तेथून रिकाम्या हातांनी कसाबसा निसटून येतो. मग तो विपुनेन नावाच्या पुराणपुरुषाकडे जातो. विपुनेन इतका काळ भूमीत पडून आहे की त्याच्या अंगावर झाडे वाढली आहेत. तो वैनामोइनेनला गिळून टाकतो. गायक मात्र डगमगत नाही. पोटातच तो लोहाराची भट्टी मांडतो आणि घण घालू लागतो. अखेर कासावीस होऊन विपुनेन आपल्या जवळची सारी विद्या गाऊन दाखवितो, तेव्हा तीन शब्द मिळतात आणि नाव पुरी होते. एवढा विद्वान, एवढा वृद्ध. तरी आपल्याला तीन शब्द ठाऊक नाहीत हे त्याला खुपते आणि तो पुन्हा विद्यार्थी होतो. म्हातारपणी शिकावे की नाही, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर कोणते द्यावे?

आता या कथांनी एका परक्या तरुणाचे काय केले ते पाहू. जॉन रोनाल्ड टोल्किन हा इंग्रज मुलगा १८९२ साली जन्मला. चौथ्या वर्षी वडील गेले, बाराव्या वर्षी आई गेली. भाषांचे पहिले धडे त्याला आईनेच दिले होते. शाळेच्या अखेरच्या काळात त्याने 'कालेवाला'चे इंग्रजी भाषांतर वाचले, आणि पुढे ऑक्सफर्डच्या कॉलेजात गेल्यावर तेथील ग्रंथालयात त्याला फिनिश भाषेचे एक व्याकरण सापडले. त्या व्याकरणाने त्याला वेड लावले. लॅटिन आणि ग्रीक यांचा नेमलेला अभ्यास मागे पडला. १९१३ सालच्या परीक्षेत त्याला दुसऱ्या वर्गावर समाधान मानावे लागले. मग त्याने विषय बदलून इंग्रजी भाषा व वाङ्मय घेतले आणि १९१५ साली पहिला वर्ग मिळविला. पुढे तो त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाला.

'कालेवाला'मध्ये कुलेर्वो नावाच्या दुर्दैवी मुलाची कथा आहे. तो दास म्हणून विकला जातो. वडिलांची आठवण म्हणून त्याच्याजवळ एकच सुरी उरलेली असते. धनीण त्याच्या भाकरीत दगड घालून भाजते, आणि भाकरी कापताना ती सुरी मोडते. पोरक्या टोल्किनने नेमकी हीच कथा आपल्या शब्दांत लिहावयास घ्यावी, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. त्याचा तो प्रयत्न अपुराच राहिला. परंतु त्यातूनच पुढे त्याचा 'तुरिन' हा शोकनायक निर्माण झाला. फिनिशच्या नादमाधुर्यावरून त्याने क्वेन्या नावाची एक स्वतंत्र भाषा रचली, आणि ती भाषा बोलणाऱ्यांना जग हवे म्हणून कथा रचल्या. १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्याच्या कादंबरीची मुळे तेथवर जातात. आणि यातील मर्म असे की, टोल्किनला फिनिश कधीच नीट आली नाही! मूळ काव्यातील थोडा भाग धडपडत वाचण्यापलीकडे त्याची मजल गेली नाही. तरी तेवढ्या धडपडीवर त्याचे आयुष्य पोसले गेले.

फिनिश भाषा काही सोपी नव्हे. आपण संस्कृतच्या आठ विभक्तींना भितो. तेथे पंधरा मोजतात! परंतु आपल्या मराठीच्या कानाला त्यांचे फारसे भय वाटू नये. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' म्हणजे घरातून. घर, घरात, घरातून ही आपली रीत तरी याहून निराळी कोठे आहे? तिकडे 'तो' आणि 'ती' या दोहोंना 'हान्' असा एकच शब्द आहे. एवढे वाचले तरी, शब्दाशब्दाला लिंग लावणाऱ्या आपल्या भाषेकडे आपण नव्या दृष्टीने पाहू लागतो. परकी भाषा आपल्याला प्रथम आपलीच भाषा दाखविते, ती अशी.

भाषांतरातून कथा कळते, हे खरे. मग मूळ भाषेचा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्यावर उत्तर असे की, भाषांतर आपण वाचून पुढे जातो. मूळ ओळीपाशी आपल्याला थांबावे लागते. एका ओळीला कोशातील पाच शब्द लागतात, आणि तेवढा वेळ ती ओळ मनात घोळत राहते. ज्या ओळीसाठी आपण कष्ट केले, ती पुढे कठीण प्रसंगी आपोआप ओठांवर येते. प्रेरणा म्हणतात ती बहुधा अशीच येते.

यासाठी फिनलंडपर्यंत जाण्याचेही कारण नाही. रामकथा आपल्या घरात प्रत्येकाला ठाऊक आहे. तीच कथा कंबनाने तमिळमध्ये आणि कृत्तिवासाने बंगालीत गायिली. भारतकथा पंपाने कन्नडमध्ये, अर्जुनाला नायक करून, सांगितली. कथा आधीच ठाऊक असल्यामुळे नव्या भाषेच्या अंधारात ती हातातील दिव्यासारखी उपयोगी पडते. एक लहान व्याकरण, एक कोश, एक वही, आणि रोज दोन ओळी, अधिक नकोत. ती भाषा बोलणारी सून, जावई किंवा शेजारी असेल, तर उच्चार त्यांच्याकडून शिकावा. सासऱ्याने सुनेकडून तिच्या माहेरची भाषा शिकावी, यासारखा घरातील स्नेह वाढविणारा उपाय दुसरा क्वचितच असेल. आणि आजोबांना चुकतमाकत वाचताना पाहून नातवंडांच्या मनातील चुकण्याची भीती कमी होते, हा लाभ निराळाच.

'कालेवाला'त साम्पो नावाची एक अद्भुत चक्की आहे. तिच्या एका बाजूने पीठ, दुसरीने मीठ आणि तिसरीने नाणी निघतात. तिच्यासाठी युद्ध होते, आणि त्या झटापटीत ती समुद्रात पडून फुटते. सारी चक्की कोणालाच मिळत नाही. परंतु लाटांनी काठावर आणलेले तुकडे पाहून वृद्ध वैनामोइनेन आनंदतो, कारण तेवढ्यांतूनच देशात पीकपाणी होणार आहे. उतारवयात शिकलेली भाषा पुरी हाती येईलच, असे नाही. येतील ते तुकडे वेचावे. त्यांवरही मनाची शेती चांगली पिकते.